पिढीजात ख्रिस्ती माणूस देवाला कधी निवडतो?

भिंगारकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

"मी आणि माझे घराणे तर परमेश्वराचीच सेवा करणार." आपल्याकडे किती ख्रिस्ती घरांच्या दारावर ही पाटी असते, ते सांगायला नको. लग्नात भेट येते, नव्या घराच्या प्रार्थनेला येते. माझ्याही दारावर आहे. पण ती जिथून घेतलीय तो बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा २४वा अध्याय सलग वाचला की कळतं, पाटीवर त्यातला सर्वांत सोपा भाग आलाय. अवघड भाग त्याच्या मागेपुढे आहे, आणि त्यावर बोलायला हा धागा काढतेय.

ठिकाण शखेम. मोशेनंतर इस्राएल लोकांचा पुढारी झालेला यहोशवा म्हातारा झालाय, याच अध्यायाच्या शेवटी तो ११० वर्षांचा होऊन मरतो. समोर सगळे वंश जमलेत. पण हे लोक कोण? मिसरमधून बाहेर पडलेली मोठी माणसं जवळजवळ सगळी रानातच संपली. ही त्यांची मुलं, नातवंडं. १३व्या वचनात देव त्यांना आठवण करून देतो, की जी नगरं तुम्ही बांधली नाहीत त्यांत तुम्ही राहता, आणि जे मळे लावले नाहीत त्यांचं खाता. सगळं आयतं मिळालेल्या पिढीला यहोशवा म्हणतो, आज ठरवा.

आणि ठरवायचं तरी कशातून? १५वं वचन नीट वाचा. परमेश्वराची सेवा करणं तुम्हाला नको वाटत असेल, तर मग कोणाची करणार ते सांगा: नदीपलीकडच्या तुमच्या पूर्वजांच्या देवांची, की ज्यांच्या देशात राहता त्या अमोऱ्यांच्या देवांची? म्हणजे एक वारशाने आलेलं आणि दुसरं आजूबाजूला चालतं ते. कोणाचीच सेवा न करणारा माणूस यहोशवाच्या हिशोबात बसतच नाही. तुम्ही जागरूकपणे ठरवलं नाहीत, तर घरची रीत नाहीतर शेजारची रीत तुमच्या वतीने ठरवून मोकळी होते.

मग लोक एका आवाजात म्हणतात, आम्ही परमेश्वराचीच सेवा करू. एखाद्या सुवार्तिकाला या क्षणी किती आनंद झाला असता! यहोशवा मात्र १९व्या वचनात म्हणतो, तुम्हाला त्याची सेवा करवणार नाही, तो पवित्र देव आहे. उत्साहाने पुढे आलेल्या माणसांना तो थांबवतो आणि किंमत सांगतो. ते पुन्हा हो म्हणतात. तेव्हा २३व्या वचनात तो म्हणतो, मग तुमच्यामध्ये असलेले परके देव टाकून द्या. म्हणजे होकार देतानाही ते देव त्यांच्यात होतेच.

उत्पत्ती ३५मध्ये याकोब आपल्या घरच्यांकडून परके देव गोळा करतो आणि शखेमजवळच्या एका झाडाखाली पुरून टाकतो. पिढ्यान्‌पिढ्या उलटल्यावर त्याच शखेमात त्याच्याच वंशजांना तेच पुन्हा सांगावं लागतंय. याकोबाने पुरले म्हणून नातवंडांचे आपोआप गेले नाहीत.

आता माझा प्रश्न. माझे पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या काळात नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात ख्रिस्ती झाले. भावकी तुटली, गावकीतला हक्क गेला. त्यांनी किंमत मोजली. मी जन्मले, माझा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं (मोठेपणी स्वतःच्या तोंडाने श्रद्धा कबूल करण्याचा विधी), मंडळीच्या म्हणजे चर्चच्या शाळेत शिकले, तिथेच नोकरीला लागले. ख्रिस्ताच्या बाजूने उभं राहिल्यामुळे माझं काही गेलं नाही, उलट मिळत गेलं. मी दृढीकरणाचा वर्ग घेते, आणि तिथली मुलं हेच विचारतात: आमच्यासाठी निवडायचं काय उरलंय?

माझं मत सांगते, मग तुमचं सांगा. मला वाटतं आपल्यासारख्यांची निवड देव की सैतान अशी समोर येतच नाही. ती येते देव की घर, देव की समाज, देव की देश, देव की खुद्द मंडळी, अशी. सगळ्या चांगल्या गोष्टी. आणि चांगली गोष्ट देवाच्या जागी बसली तर ती बसलेली चटकन दिसत नाही.

वसईची_पाऊलवाट

छान विषय, ताई. आमच्याकडे कॅथलिकांत पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री आम्ही सगळे हातात मेणबत्त्या घेऊन स्नानसंस्काराच्या वचनांचं नूतनीकरण करतो. सैतानाचा त्याग करता का, त्याच्या कामांचा त्याग करता का, देवावर श्रद्धा ठेवता का, असं फादर एकेक विचारतात आणि आम्ही उत्तर देतो. तान्हेपणी माझ्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता बोलले होते, ते दर वर्षी मला माझ्या तोंडाने म्हणावं लागतं. आमचे वाडवडील पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, म्हणजे पिढ्या तर मोजायलाच नकोत. हे उत्तर दर वर्षी मागणं ख्रिस्तसभेने फार शहाणपणाने ठेवलंय असं मला वाटतं.

तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर मला एका शेतकऱ्याबद्दल लिहायचंय. थोड्या वेळाने निवांत लिहितो.

निवृत्त_पाळक

धागाकर्त्या ताईंनी वचनाला धरून लिहिलंय, समाधान वाटलं. एकच भर घालतो.

याच अध्यायाची पहिली १३ वचनं पाहा. यहोशवा "ठरवा" म्हणण्याआधी देव बोलतो, आणि त्यात सतत "मी" आहे. मी अब्राहामाला आणलं, मी मोशेला पाठवलं, मी तुम्हाला बाहेर काढलं, मी देश दिला. माणसाने निवडायची वेळ १४व्या वचनापासून येते. प्रभूनेही शिष्यांना सांगितलं, तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं (योहान १५:१६). आपली निष्ठा म्हणजे देवाने आधी केलेल्या कामाला दिलेलं उत्तर. हा क्रम उलटा झाला, तर निष्ठेचा अभिमान होतो आणि माणूस इतरांची निष्ठा मोजत बसतो. सेवेच्या काळात हे मी मंडळ्यांत फार पाहिलं आहे.

म्हणून वर्गातल्या मुलांना "तुम्ही काय निवडणार?" याच्या आधी "तुमच्यासाठी काय केलं गेलंय?" हे शिकवा. पणजोबांनी मोजलेली किंमतही त्या यादीत येते.

सावलीतली

मी इथे नेहमी नुसती वाचत असते. आज लिहितेय.

माझं माहेर ख्रिस्ती, सासर हिंदू. लग्न आम्ही दोघांनी ठरवून केलं. सासूबाई मायाळू आहेत, मला रविवारी उपासनेला जायला कधी कोणी अडवलं नाही. पण गौरी-गणपतीत मी त्या घरची सून असते. आरतीला सगळे उभे असतात, मी स्वयंपाकघरात थांबले तर पाहुणे विचारतात आणि सासूबाईंची मान खाली जाते. गेलं वर्षभर मनात एकच चालू आहे, मी तिथे उभी राहिले तर मी येशूला सोडलं का? माहेरच्या मंडळीत एकांना विचारलं, तर म्हणाले, शद्रख, मेशख, अबेद्नगो वाच. मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून भट्टीत टाकलेल्या तिघांचा तो अध्याय. वाचलं. रडू आलं फक्त.

वर लिहिलंय "देव की घर". माझ्यासाठी हे रोजचं आहे.

निवृत्त_पाळक

बेटा, तू लिहिलंस हे बरं केलंस. दानीएल ३ वाच, पण त्याच्याबरोबर २ राजे ५ही वाच.

नामान अरामाचा सेनापती. यार्देनेत बुडी मारून कुष्ठ गेलं, आणि त्याने सगळ्या लवाजम्यासमोर कबूल केलं, की इस्राएलाच्या देवाखेरीज दुसरा देव नाही. परत जाताना त्याने अलीशा संदेष्ट्याला एक विनंती केली. माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात जातो, माझ्या हाताचा आधार घेतो, तेव्हा मलाही तिथे वाकावं लागतं. त्याची परमेश्वराने मला क्षमा करावी. अलीशाने त्याला झिडकारलं नाही, नियमांची यादीही दिली नाही. म्हणाला, शांतीने जा.

या उत्तराचा आधार घेऊन वाटेल ते करावं असं मी म्हणणार नाही. नामानाने आधी उघड साक्ष दिली होती, आणि त्याने क्षमा मागितली, म्हणजे ही गोष्ट त्याला खुपत होती. ज्याला खुपतं त्याचं अंतःकरण जागं आहे. बाबेलमध्ये राजाने उपासनाच मागितली होती, मूर्तीला दंडवत घाला नाहीतर भट्टीत जा. नामानाकडून त्याच्या धन्याला हवा होता आधाराचा हात. तुझ्या सासूबाई तुझ्याकडून काय मागताहेत, ते तुला आमच्यापेक्षा जास्त कळेल.

भिंगारकर

सावलीतली, १ करिंथ १० सुद्धा पाहा. बाहेरच्याने जेवायला बोलावलं तर ताटात वाढलेलं विचारपूस न करता खा, असं प्रेषित पौल सांगतो. पण हे मूर्तीला अर्पण केलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मात्र त्याच अध्यायात थोडं आधी तो हेही म्हणतो, की प्रभूचा प्याला आणि दुसऱ्यांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत. म्हणजे एका टोकाला साधं जेवण, दुसऱ्या टोकाला प्रत्यक्ष उपासनेतला सहभाग. मधल्या जागेत पौल प्रेमाने विचार करायला लावतो. आणि ज्यांनी तुला भट्टीचा अध्याय देऊन वाटेला लावलं, त्यांनी तुझ्याबरोबर बसून प्रार्थना करायला हवी होती.

ऱ्हाईनकाठ

मी कामानिमित्त जर्मनीत असतो. वुपर्टाल शहरातला बार्मेन भाग इथून फार लांब नाही, आणि "देव की देश, देव की मंडळी" वाचून तिथलं गेमार्के चर्च डोळ्यांसमोर आलं.

२९ ते ३१ मे १९३४ या दिवसांत तिथे लुथरन, रिफॉर्म्ड आणि युनायटेड या प्रोटेस्टंट मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले. हिटलर सत्तेवर येऊन दीड वर्षही झालं नव्हतं. "जर्मन ख्रिस्ती" म्हणवणारा गट सांगत होता, की देवाने या राष्ट्रातून आणि या नेत्यातून नवं प्रकटीकरण दिलंय. बार्मेनच्या जाहीरनाम्यात सहा कलमं आहेत. मसुद्याचं मुख्य काम ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक कार्ल बार्ट यांचं. पहिलं कलम सांगतं, की पवित्र शास्त्रात ज्याची साक्ष आहे तो येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द. त्याचंच ऐकायचं, जगताना आणि मरताना त्याच्यावरच भरवसा ठेवायचा आणि त्याचीच आज्ञा पाळायची.

त्याच वर्षी सरकारी नोकर म्हणून प्राध्यापकांकडून हिटलरशी निष्ठेची शपथ मागितली गेली. बार्ट तेव्हा बॉनला शिकवत होते. "इव्हँजेलिकल ख्रिस्ती म्हणून जबाबदारीने जितकं पाळता येईल तितकंच" एवढी पुस्ती जोडली तर शपथ घेतो, असं ते म्हणाले. नोकरी गेली. १९३५मध्ये ते बासेलला परतले.

इथवरचं अनेकांना माहीत असतं. १९३८चं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हिटलरच्या वाढदिवसाला, २० एप्रिलला, प्रशियाच्या मंडळीच्या वरिष्ठांनी सगळ्या पाळकांना निष्ठेची शपथ घ्यायला सांगितली. बहुतेकांनी घेतली, बार्मेनच्या बाजूच्या अनेकांनीही घेतली. काही महिन्यांनी नाझी पक्षाकडूनच कळलं, की ही शपथ राज्याने मागितलेली नव्हती, तो मंडळीचा घरचा मामला होता. कैसराचं कैसराला आणि देवाचं देवाला द्या, असं येशू म्हणाला होता; इथे कैसराने न मागता त्याला देवाचं देऊन टाकलं होतं.

आणि बार्मेनच्या त्या सहा कलमांत यहुद्यांबद्दल एक शब्द नाही. बार्ट यांनी पुढे स्वतः याची खंत व्यक्त केली. देवावरची निष्ठा मंडळीच्या स्वातंत्र्यापुरती बोलली, शेजाऱ्याबद्दल गप्प राहिली. आज गेमार्के चर्चशेजारी सिनगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, उभं आहे, २००२मध्ये झालं, आणि जागा चर्चने दिली. मी तिथे गेलो की दोन्ही इमारतींसमोर थांबतो. माझ्यापुरतं तिथे एवढं कळलं, की निष्ठा योग्य शब्दांत कबूल करणं आणि ती सगळीकडे लागू करणं या दोन निवडी आहेत, आणि दुसरी पहिलीबरोबर आपोआप येत नाही.

केडगाव_लोकल

"देव की खुद्द मंडळी" यावर पंडिता रमाबाईंशिवाय बोलणं होऊ शकत नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, त्यांची लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह. इकडे पुण्यामुंबईत गदारोळ उठला, तो आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पण तिकडे काय चाललं होतं ते कमी सांगितलं जातं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना वाटे, रमाबाईंनी आता चर्चची शिकवण जशी आहे तशी स्वीकारावी. रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या, त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण), बिशपांच्या अधिकाराबद्दल. १८८५च्या एका पत्रात त्यांनी सरळ कळवलं, की मोठ्या कष्टाने मी आपल्याकडच्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, आता पाळकांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द देवाची आज्ञा मानून तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. परक्या देशात, नवरा गेलेला, पदरी लहान मूल, खर्च त्याच लोकांच्या आधारावर, आणि तरी हे लिहायची हिंमत!

म्हणून कोणी म्हणेल, की त्या बंडखोर होत्या, निष्ठावान नव्हत्या. तर पुढचं पाहा. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला काय उमगलं ते त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय: मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. हे लिहिणारी बाई समाजाचा रोष पत्करून आधीच ख्रिस्ती झालेली होती, विधवांसाठी शारदा सदन काढून बसलेली होती. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलीबायका गाड्या भरून आणल्या, त्यांच्या आश्रयासाठी केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, मुक्तीतल्याच बायकांनी छपाईचं काम केलं. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या.

भिंगारकर ताई, तुमच्या वर्गातल्या मुलांना हे सांगा. ज्यांनी सगळं पणाला लावून निवडलं, त्यांनाही आठ वर्षांनी पुन्हा निवडावं लागलं. पहिल्या पिढीला एकदाच निवडून भागलं आणि आपल्याला काही उरलं नाही, असं नाहीच.

नवखा_धावक

सगळे मोठ्या माणसांबद्दल लिहिताय. माझं छोटं आहे.

मी ऑफिसात ख्रिस्ती असल्याचं सांगत नाही. आडनावावरून कळत नाही. जेवायच्या टेबलावर धर्मांतराच्या बातम्यांवरून मिशनऱ्यांना शिव्या चालू असतात आणि मी डबा खात असतो. एकदा एकाने थेट विचारलं, "तू त्यांच्यातला नाहीस ना?" मी हसून विषय बदलला. त्यानंतर मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेतलेलं नाही. घ्यायला उठलो की पाय जड होतात. माझ्यासारख्याने काय निवडायचं? माझी निवड तर होऊन गेली.

भिंगारकर

नाही दादा, होऊन गेलेली नाही. आणि तुझी गोष्ट छोटी तर अजिबात नाही, मंडळीला हाच प्रश्न १७००हून अधिक वर्षांपूर्वी पडला होता आणि ती त्यावरून फुटायच्या बेतात आली होती.

इ. स. २५०च्या सुमारास सम्राट डेसियसने हुकूम काढला, की सगळ्यांनी देवांना बली द्यावा आणि तसं प्रमाणपत्र घ्यावं. असे कागद इजिप्तच्या वाळूत प्रत्यक्ष सापडलेत. त्यात लिहिलेलं असे, मी नेहमीच देवांना बली देत आलो आहे, आत्ताही तुमच्यासमोर दिला आहे, सही करावी. काही ख्रिस्ती माणसं तुरुंगात गेली, मेली. खूप जणांनी बली दिला. काहींनी बली न देता पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे मंडळीच्या दाराशी आले, रडत. त्यांचं काय करायचं?

रोममध्ये नोव्हाशन नावाच्या पाळकाचं म्हणणं, बली दिलेल्यांना मंडळीने कधीच परत घेऊ नये. दुसऱ्या टोकाला लोक म्हणत होते, झालं गेलं विसरा, लगेच घ्या. कार्थेजचे बिशप सिप्रियन मधे उभे राहिले. छळाच्या वेळी ते स्वतः शहर सोडून लपले होते आणि त्यावरून त्यांना बोल लागले होते. २५१मध्ये कार्थेजला बिशपांची सभा झाली. प्रत्येकाचं वेगळं ऐकायचं ठरलं, पश्चात्तापाला वेळ द्यायचा, पण दार बंद करायचं नाही. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा पश्चात्तापी माणसांना लवकर परत घेतलं गेलं. कारण असं, की ज्यांना उद्या ख्रिस्तासाठी रक्त सांडायला सांगायचं, त्यांना आज ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला नाकारून कसं चालेल? २५८मध्ये सिप्रियन पकडले गेले आणि त्यांचा शिरच्छेद झाला. या वेळी ते पळाले नाहीत.

तू प्रभुभोजनापासून लांब राहून स्वतःलाच शिक्षा देतोयस. सिप्रियनच्या मंडळीने त्या मेजाला पुढच्या परीक्षेची शिदोरी मानलं. पाळकांशी एकदा मोकळं बोल, आणि जा.

निवृत्त_पाळक

योहान २१ वाच. शिष्य पेत्राने येशूला तीन वेळा नाकारलं, कोळशाच्या शेकोटीजवळ. समुद्रकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव, आणि प्रभू तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? "का नाकारलंस?" असं एकदाही विचारत नाही. मी तुला फोन नंबर व्यक्तिगत संदेशात पाठवला आहे. कधीही कर.

वसईची_पाऊलवाट

म्हटलं होतं त्याप्रमाणे.

फ्रान्स येगरश्टेटर, ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी, जन्म १९०७. तरुणपणी उनाड म्हणून गावात नाव. १९३६मध्ये फ्रान्झिस्काशी लग्न झालं, तीन मुली झाल्या, श्रद्धा खोल होत गेली. एप्रिल १९३८मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यावर मतदान झालं, तेव्हा त्या गावात विरोधात मत देणारा तो एकटा. पुढे हिटलरच्या अन्यायी युद्धात शस्त्र धरायचं नाही असं त्याने ठरवलं. सल्ल्यासाठी तो लिंझच्या बिशपांकडे गेला. बिशपांनी त्याला बायकोमुलांची जबाबदारी आठवून दिली. गावच्या लोकांचंही तेच म्हणणं. फेब्रुवारी १९४३मध्ये बोलावणं आलं, मार्चमध्ये हजर होऊन त्याने लढायला नकार दिला, जखमींच्या सेवेची तयारी दाखवली, ती मानली गेली नाही. ९ ऑगस्ट १९४३ला ब्रांडेनबुर्गला त्याचा शिरच्छेद झाला.

बघा, घर, गाव, देश आणि बिशप, सगळी चांगली माणसं, सगळ्यांचं मत एकीकडे. आणि कोणी त्याला श्रद्धा सोड म्हणत नव्हतं! रविवारी मिस्साला जा, इतर दिवशी बंदूक धर, एवढंच.

पण मी लिहितोय ते फ्रान्झिस्कासाठी. सुरुवातीला तिनेही त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला. मग तिच्या लक्षात आलं, आपण बाजूला झालो तर याच्याजवळ कोणीच उरणार नाही, आणि ती त्याच्या बाजूने उभी राहिली. नंतर शेत तिने केलं, मुली तिने वाढवल्या, गावाचे बोल तिने ऐकले, आणि सैनिकाच्या विधवेची पेन्शन तिला कित्येक वर्षं नाकारली गेली. २६ ऑक्टोबर २००७ला लिंझच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्सला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा ती ९४ वर्षांची होती आणि समोर बसलेली होती. निवड त्याची, पण ती जगायची होती तिला.

केडगाव_लोकल

अगदी. आणि हे वाचून पाटीवरच्या "माझे घराणे" या शब्दांकडे पुन्हा बघावंसं वाटतं. आपल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच घ्या. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. त्या नवऱ्यापासून वेगळ्या, नातेवाइकांत, दुःखात राहिल्या. पुढे परत एकत्र आले, तरी त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत; सोवळंओवळं सांभाळून त्याच घरात राहिल्या. काही वर्षांनी त्यांचा त्यांना निर्णय झाला, तेव्हा बाप्तिस्मा घेतला. कर्ता पुरुष घराच्या वतीने बोलू शकतो, पण घरातल्या प्रत्येकाच्या आत जाऊन होकार देऊ शकत नाही. आणि स्वतः टिळक १९१७मध्ये मिशनच्या पगारातून बाहेर पडले, "देवाचा दरबार" काढला, ज्यात ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांना, बाप्तिस्मा झालेल्या न झालेल्या, जागा होती. मिशनवर राग नव्हता त्यांचा. पण ख्रिस्त आणि मिशन यांतलं अंतर त्यांना दिसत होतं.

ऱ्हाईनकाठ

टिळकांचं हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

सावलीतली

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. नामान त्याला खूप आवडला. तो म्हणाला, "तू आईला कधी सांगितलंच नाहीस, की तुला हे जड जातं. तिला वाटतं तुला पाहुण्यांची लाज वाटते." खरंच सांगितलं नव्हतं. आज दुपारी सांगितलं. येशू माझ्यासाठी कोण आहे हेही सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आरतीच्या वेळी तू पाहुण्यांच्या पानांचं बघ, ते कोणाला तरी बघावंच लागतं, आणि कोणी विचारलं तर मी सांगेन. पण गौरीच्या जेवणाच्या पुरणपोळ्या तूच करायच्या, त्यात सुटका नाही.

पुरणपोळ्या करणार आहे. नैवेद्याच्या ताटाबद्दल अजून मनात स्वच्छ नाही, त्यासाठी प्रार्थना करा. पाळक काका, सणाच्या आधीच्या रविवारी मी नवऱ्याला घेऊन तुमच्याकडे येऊ का?

निवृत्त_पाळक

जरूर या, बेटा. उपासनेनंतर जेवायलाच या दोघं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

नवखा_धावक

पाळक काका, तुम्हाला संध्याकाळी फोन करतोय. सातनंतर चालेल ना?